आजीचे गाणे कोणते?



पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली जुलै महिन्याचा चौथा रविवार आजी-आजोबा व ज्येष्ठांचा दिवस म्हणून ठरवून दिला. परंतु काही ज्येष्ठ त्या रविवारीही देवळात दिसत नाहीत. ते मागच्या खोलीत असतात, कधी दाराला बाहेरून कडी असते. कोणी विचारले तर घरचे म्हणतात, "म्हातारपण आहे, डोकं चालत नाही."

यांतील अनेकांना स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया असतो. तो मेंदूचा आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील दर शंभरांत सुमारे सात जणांना, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना तो आहे. शहरांपेक्षा खेड्यांत व पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. तेव्हा ही वेड लागल्याची किंवा बाहेरच्या बाधेची गोष्ट नव्हे. भगताकडे नेण्यात दिवस घालवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. थायरॉईडमुळे किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळेही विसरभोळेपणा येतो व तो औषधाने सुधारू शकतो.

खऱ्या स्मृतिभ्रंशावर मात्र आजार मुळापासून बरा करणारे औषध नाही. मग घरच्यांनी करायचे काय? एक गोष्ट कोणालाही करता येते, तिला पैसाही लागत नाही. ती म्हणजे गाणे.

मुलाचे नाव विसरलेली आई लहानपणचे गाणे पूर्ण म्हणते, हे कसे? जर्मनीतील लायप्झिग येथील संशोधकांनी २०१५ साली दाखवले की फार पूर्वीपासून ओळखीचे संगीत मेंदूच्या ज्या भागात साठते, तो भाग अल्झायमर आजारात इतर भागांपेक्षा बराच कमी झिजतो. टोनी बेनेट या अमेरिकन गायकांना २०१६ साली अल्झायमरचे निदान झाले. तरी ऑगस्ट २०२१ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, ते न्यूयॉर्कच्या रंगमंचावर गायले. ते व्यावसायिक गायक होते, हे खरे. पण आपली मोठी माय जात्यावर बसून रोज पहाटे गातच होती की!

मात्र कोणतेही गाणे चालत नाही. सकाळपासून टीव्हीवर भक्तिगीते लावून ठेवायची व आपण कामाला निघून जायचे, याने रुग्ण शांत होत नाही, उलट चिडतो. गाणे त्या माणसाचे स्वतःचे हवे. ब्रिटनमध्ये सॅली मॅग्नसन या पत्रकार बाईंनी स्मृतिभ्रंश झालेल्या आपल्या आईच्या अनुभवातून २०१३ साली 'प्लेलिस्ट फॉर लाइफ' ही संस्था काढली. प्रत्येक रुग्णाची वेगळी गाणी शोधून काढणे, हेच तिचे काम.

ही गाणी बहुधा दहा ते तीस या वयातली असतात. आज ऐंशीच्या असलेल्यांसाठी तो काळ साधारण १९५५ ते १९७५. त्या काळी काय कानावर पडत होते? मिस्सा तेव्हा लॅटिन भाषेत होई. लोकभाषेला वाट मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या डिसेंबर १९६३ च्या निर्णयानंतर. म्हणून जन्मापासून कॅथोलिक घरात वाढलेल्या एखाद्या आजोबांना आजची गीते अनोळखी वाटतील, पण 'तान्तुम एर्गो'ची चाल लागताच ते हात जोडतील. नगर जिल्ह्याकडून आलेल्या कोणाला नारायण वामन टिळकांची भजने आठवतील. कोणाला रेडिओवरच्या बिनाका गीतमालेतील सिनेमाचे गाणे. तेही चालेल!

बायकांचे भांडार निराळेच. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, पण ओव्या त्या बायकांच्या मनात राहिल्या. आपल्याकडे त्याच्या जोडीला हळदीची, लग्नाची अहिराणी गाणी आहेत.

आता थोडे अवघड बोलतो. पिंपळनेर-दहिवेल पट्ट्यातील आपल्या अनेक ज्येष्ठांचे बालपण बाप्तिस्म्याआधीचे आहे. त्यांच्या मनात डोंगऱ्या देवाच्या उत्सवातली पावरी वाजते, कानबाईची गाणी असतात. आजी एकाएकी तसे गाणे म्हणू लागली की घरचे संकोचतात, "फादर काय म्हणतील?" म्हणून तिला गप्प करतात. आमचे स्पष्ट मत आहे की तिला गाऊ द्यावे. तिचा विश्वास डळमळला असे मुळीच नाही. ती आपल्या आईच्या अंगणात गेलेली असते. तिथून तिला ओढून काढू नका, जमल्यास टाळी धरा.

गाणी शोधायची कशी? रुग्ण बोलत असेल तोवर त्यालाच विचारा. नाहीतर त्याच्या बहिणीला, चुलत भावाला, जुन्या मैत्रिणीला विचारा. कोकणी, भिली, मावची गाणी मोबाईलवर सहसा सापडत नाहीत. म्हणून त्या मावशींकडूनच म्हणवून घ्या व मोबाईलमध्ये भरून ठेवा. हे काम या वर्षीच करावे, कारण मावशीही ऐंशीच्याच आहेत.

संध्याकाळी रुग्ण अस्वस्थ होत असेल, तर त्या वेळेच्या अर्धा तास आधी गाणे लावा. टीव्ही बंद, आवाज बेताचा, वीस-तीस मिनिटे पुरे. शेजारी बसा, तोंडाकडे पाहा. डोळे पाणावले तर लगेच घाबरू नका. पण चेहरा ओढला गेला, हात झटकले, तर बंद करा. एखादे गीत पतीच्या किंवा गेलेल्या लेकराच्या अंत्यविधीला म्हटलेले असते. असे गीत यादीतून काढून टाकावे.

गाण्याने आठवण परत येत नाही. मुलाचे नाव उद्याही आठवणार नाही. उदासी मात्र कमी होते असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. अंघोळ, जेवण यांतली ओढाताणही पुष्कळदा हलकी होते, आणि दिवसभर सांभाळणाऱ्या सुनेला अर्धा तास श्वास घ्यायला मिळतो.

आपल्या घरी असे कोणी असेल आणि कम्युनियन द्यायला फादर किंवा सिस्टर येणार असतील, तर त्यांचे गीत कोणते ते आधी कळवावे. प्रार्थनेआधी तेच म्हणता येईल.