हेडफोन आणि त्याचा ॲम्प्लिफायर : जोडी कशी जमवावी?

(द्वितीय वर्ष, कला)

वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारा माझा मित्र जन्मापासून दृष्टिहीन आहे. आम्ही तिघे खोलीसोबती आळीपाळीने पाठ्यपुस्तके मोठ्याने वाचून मोबाईलवर ध्वनिमुद्रित करतो आणि तो ती ऐकून अभ्यास करतो. त्याचे हे ऐकणे रोज सुमारे सहा तास चालते. गेल्या वर्षी ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने त्याला आपला जुना हेडफोन भेट दिला. हेडफोन उत्तम, कान पूर्ण झाकणारा. परंतु मोबाईलला जोडला की आवाज इतका बारीक येई की जेवणाच्या वेळच्या गलबल्यात एक वाक्य धड कळत नसे.

"लहान ॲम्प्लिफायर घ्या," असे जो तो सांगू लागला. 'कमवा आणि शिका' योजनेतून मिळालेल्या पैशांतून आम्ही चौघांनी अठराशे रुपये जमवले आणि शहरातून खिशात मावणारा एक ॲम्प्लिफायर आणला. आवाज वाढला, पण अगदी जेमतेम. दुकानदार तो परत घेईना. परीक्षा तर तोंडावर आलेली. हे पैसे का वाया गेले, हे विचारण्यासाठी मी आमच्याच संस्थेतील विज्ञान शाखेच्या सरांकडे गेलो. त्यांनी फळ्यावर जे गणित मांडून दाखवले, ते इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्याने हा लेख लिहीत आहे.

विहीर आणि मोटर

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. विजेचे शास्त्र मला नवे होते. पण सरांचे म्हणणे मला वडिलांच्या एका सवयीमुळे चटकन उमगले. विहिरीवर बसवण्याची मोटर घ्यायची झाली, तर वडील आधी किंमत विचारत नाहीत. पाणी किती फुटांवरून उचलायचे आणि धार केवढी हवी, या दोन गोष्टी ते प्रथम ठरवतात. खोल विहिरीला उंच चढवणारी मोटर लागते. उथळ ओढ्यावरून भरपूर पाणी घ्यायचे, तर जाड धारेची लागते. एकीच्या जागी दुसरी बसवली तर पैसे फुकट जातात.

हेडफोनचेही तसेच आहे. पाणी चढवण्याची उंची म्हणजे विजेचा दाब. तो व्होल्टमध्ये मोजतात. पाण्याची धार म्हणजे विजेचा प्रवाह. तो मिलिअँपिअरमध्ये मोजतात. हेडफोनला यांपैकी काय आणि किती हवे, हे त्याच्या माहितीपत्रकातील दोन आकड्यांवरून कळते.

पहिला आकडा संरोधाचा, म्हणजे इम्पीडन्सचा. तो ओहममध्ये दिलेला असतो. दुसरा संवेदनशीलतेचा, म्हणजे एक मिलिवॅट शक्ती दिल्यावर किती डेसिबल आवाज निघतो त्याचा. काही कंपन्या हा आकडा एक मिलिवॅटऐवजी एक व्होल्टला देतात. तुलना करण्यापूर्वी एवढे तपासून घ्यावे.

मित्राचा हेडफोन जर्मनीच्या बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी ७७० प्रो आहे. हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा निरनिराळ्या संरोधांत निघाला आहे. मित्राकडील २५० ओहमचा असून एक मिलिवॅटला ९६ डेसिबल देतो. संरोध मोठा असलेल्या हेडफोनमधील वेटोळ्याची तार बारीक आणि वेढे जास्त असतात. स्टुडिओत एकाच यंत्राला अनेक हेडफोन जोडावे लागतात, तेथे असा हेडफोन सोयीचा पडतो. मोबाईलची गोष्ट वेगळी. त्याचा दाबच मुळी कमी असतो.

तीन हेडफोन, तीन गरजा

संगीतातील सर्वांत मोठे क्षणिक आवाज ११० डेसिबलपर्यंत पोचावेत, असे हिशेबापुरते धरू. दर १० डेसिबलला शक्ती दहापट लागते आणि दर ३ डेसिबलला जवळजवळ दुप्पट. शक्तीला संरोधाने गुणून वर्गमूळ काढले की लागणारा दाब मिळतो.

मित्राच्या २५० ओहमच्या हेडफोनला ९६ पासून ११० पर्यंत १४ डेसिबल चढायचे आहेत. त्यासाठी २५ मिलिवॅट शक्ती, म्हणजे २.५ व्होल्ट दाब आणि १० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. ही झाली खोल विहीर. उंची हवी, धार थोडी पुरे.

कानात घालायचा एखादा १६ ओहमचा, एक मिलिवॅटला ११० डेसिबल देणारा इअरफोन घेतला, तर त्याला एकच मिलिवॅट पुरतो. दाब सुमारे ०.१३ व्होल्ट आणि प्रवाह ८ मिलिअँपिअर. हा झाला दाराजवळचा पाट. त्याला मोटर कशाला?

तिसरा प्रकार सपाट पडद्याच्या, म्हणजे प्लॅनर मॅग्नेटिक हेडफोनचा. या जातीतील हायफायमॅनचा एचई-६ हा जुना हेडफोन अतिशय 'जड' म्हणून प्रसिद्ध होता. त्याचा संरोध ५० ओहम आणि संवेदनशीलता ८३.५ डेसिबल. त्याला सुमारे ४५० मिलिवॅट, ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलिअँपिअर लागतात. उंचीही हवी आणि धारही हवी. मात्र याच जातीतील पुढचे अनेक हेडफोन पुष्कळच हलके चालतात. म्हणून जातीवरून किंवा नुसत्या ओहमवरून निर्णय न करता दोन्ही आकडे पाहावेत.

आमची चूक

आता आमच्या अठराशे रुपयांचे पाहू. त्या ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर '३० मिलिवॅट, १६ ओहमला' असे लिहिले होते. पहिला आकडा वाचून आम्ही खूश झालो. दुसरा वाचलाच नाही. १६ ओहमला ३० मिलिवॅट म्हणजे दाब केवळ ०.७ व्होल्ट. तेवढ्या दाबाने २५० ओहमच्या हेडफोनला २ मिलिवॅटसुद्धा पुरते मिळत नाहीत. सरांनी मल्टिमीटर लावून आमच्या मोबाईलचा जास्तीत जास्त दाब मोजला, तो अर्धा व्होल्ट भरला. म्हणजे आम्ही अठराशे रुपये देऊन तीन डेसिबलही विकत घेतले नव्हते!

म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न 'किती मिलिवॅट?' असा नसावा. 'माझ्या हेडफोनच्या ओहमला हा किती व्होल्ट देतो?' असा असावा. जड प्लॅनरसाठी त्याच्या जोडीला 'किती मिलिअँपिअर देतो?' हेही विचारावे.

खिशातल्या ॲम्प्लिफायरला आणखी एक मर्यादा असते, ती बॅटरीची. एका लिथियम सेलचा दाब ३.७ व्होल्ट असतो. दाब वाढवणारे मंडल आत नसेल, तर साध्या जोडणीत त्यातून ध्वनीसाठी सुमारे १.३ व्होल्टच निघतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑब्जेक्टिव्ह टू' या घरी जोडता येणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या घातलेल्या आहेत, त्याचे मर्म हेच.

कानातल्या इअरफोनचे पथ्य

ज्याच्याकडे हलका इअरफोन आहे, त्याने शक्ती पाहूच नये. दोन दोष पाहावेत. पहिला दोष खरखरीचा. ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या खरखरीचा दाब १० मायक्रोव्होल्ट धरला, तर वर सांगितलेल्या इअरफोनमध्ये तिचा आवाज सुमारे २८ डेसिबल होतो. रात्रीच्या शांततेत तो कानाला जाणवू शकतो. मित्राच्या हेडफोनमध्ये तीच खरखर इतकी क्षीण असते की ऐकूच येत नाही. म्हणून अशा इअरफोनला वर्धन कमी ठेवता येणारा शांत ॲम्प्लिफायर हवा.

दुसरा दोष ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या संरोधाचा. काही इअरफोनचा संरोध स्वरागणिक बदलतो. समजा, तो एका स्वराला ८ ओहम आणि दुसऱ्याला ४० ओहम आहे. ॲम्प्लिफायरचा संरोध १० ओहम असेल, तर या दोन स्वरांच्या पातळीत ५ डेसिबलचा फरक पडतो आणि ध्वनीचा रंगच पालटतो. तोच संरोध १ ओहम असेल, तर फरक एका डेसिबलहून कमी राहतो. ॲम्प्लिफायरचा संरोध हेडफोनच्या संरोधाच्या एक अष्टमांशाहून जास्त नसावा, असा व्यवहारातला ठोकताळा आहे. १६ ओहमला २ ओहम ही सीमा, तर २५० ओहमला ३० ओहमही चालतील.

आमचा 'फुकट गेलेला' ॲम्प्लिफायर या परीक्षेत मात्र उतरला. तो आता दुसऱ्या खोलीसोबत्याच्या इअरफोनला लावला आहे आणि झकास चालतो.

किती पुरे?

यावर कोणी म्हणेल, मग सरळ सर्वांत दणकट ॲम्प्लिफायर का घेऊ नये? मलाही तसेच वाटले होते. सरांनी तेव्हा विचारले, "तुझा मित्र रोज किती तास ऐकतो?"

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये सुरक्षित श्रवणाचे मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार प्रौढाने आठवड्याला ४० तास ऐकायचे, तर सरासरी पातळी ८० डेसिबल असावी. पातळी ३ डेसिबलने वाढली की तास निम्मे होतात. म्हणजे ८३ ला २० तास आणि ८६ ला अवघे १०.

आमच्या ध्वनिमुद्रणांत बोलण्याची सरासरी पातळी कमाल पातळीपेक्षा ३० डेसिबलने खाली होती. कारण मोबाईल दूर ठेवलेला आणि मधूनमधून टेबलाचे ठोके. मोबाईलच्या अर्ध्या व्होल्टला हेडफोनमधून ९६ डेसिबल निघतात, म्हणजे बोलणे ६६ डेसिबलला ऐकू येते. २ व्होल्ट देणाऱ्या ॲम्प्लिफायरने ते ७८ होते. ५ व्होल्टच्या दणकट यंत्राचे बटण शेवटपर्यंत फिरवले, तर ८६ होईल. मित्र आठवड्याला ४० तासांहून थोडे अधिक ऐकतो. त्याला २ व्होल्ट नेमके पुरतात. जास्त घेतले असते, तर ज्या कानांवर त्याचे सारे शिक्षण उभे आहे, तेच आम्ही आमच्या पैशांनी धोक्यात घातले असते.

पुढच्या महिन्याच्या पैशांतून आम्ही दुसरा ॲम्प्लिफायर घेतला. त्याच्या कागदावर २५० ओहमला २ व्होल्ट हा आकडा स्पष्ट छापलेला होता. शिवाय वाचताना मोबाईल जवळ धरू लागलो. आवाज वाढवण्याचा तो बिनपैशाचा उपाय होता आणि तोच आम्हाला सर्वांत शेवटी सुचला! मुद्रण जवळून झाले की ॲम्प्लिफायरचे बटणही खाली ठेवायचे, हे मित्राला सांगून ठेवले आहे.

आकडे म्हटले की आम्ही कला शाखेचे विद्यार्थी अंग चोरतो. परंतु येथे लागले ते केवळ गुणाकार आणि वर्गमूळ. ते चार महिने आधी केले असते, तर अठराशे रुपये वाचले असते आणि प्रथम सत्राची परीक्षा माझ्या मित्राला अर्धे ऐकून द्यावी लागली नसती.