दोन लेखण्या, एक वही

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात घडलेली एक गोष्ट सांगतो. प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेचे गुण आम्ही संगणकावरील एका तक्त्यात भरत होतो. तक्त्याची फाइल सर्वांसाठी एका ठिकाणी ठेवलेली असे. मी तिची प्रत माझ्या संगणकावर उतरवून घेतली, माझ्या तुकडीचे गुण भरले आणि ती पुन्हा जागेवर ठेवली. शेजारच्या खोलीत माझ्या सहकाऱ्यांनीही तेच केले. मात्र त्यांनी प्रत माझ्या आधी घेतली होती आणि परत ठेवली ती माझ्यानंतर. त्यांच्या प्रतीत माझी तुकडी कोरीच होती. ती कोरी तुकडी माझ्या गुणांवर जाऊन बसली. पंधरा दिवसांनी एक मुलगा रडवेला होऊन आला. परीक्षा देऊनही यादीत तो गैरहजर होता. मूळ कागदी यादी कपाटात होती, म्हणून त्याचे वर्ष वाचले.

यात चूक कोणाची? मी नियमाप्रमाणे वागलो, सहकारीही नियमाप्रमाणेच वागले. चूक होती ती माहिती ठेवण्याच्या रीतीत. पुढे आम्ही ठरवले, की गुण भरण्यासाठी एक छोटे वेब ॲप्लिकेशन तयार करावे. लगेच प्रश्न आला, डेटाबेस कोणता घ्यावा? प्रत्येकजण आपण ऐकलेले मोठे नाव पुढे करू लागला. पण हा प्रश्न नावाचा नाही. एकाच वेळी किती जण लिहिणार, आणि लिहिलेले हरवले तर काय बिघडणार, या दोन गोष्टींचा तो आहे.

आधी रचना समजून घेऊ. तुमच्या ब्राउझरमधून निघालेली मागणी सर्व्हरकडे जाते. सर्व्हर म्हणजे अशा मागण्यांना उत्तर देण्यासाठी सतत जागा असलेला संगणक, आणि त्यावर ते काम करणारा प्रोग्रॅमही. माहितीची नोंद मात्र सर्व्हर स्वतः करीत नाही. ते काम तो डेटाबेसवर सोपवतो. कचेरीच्या खिडकीवरचा कारकून आणि आतल्या खोलीतला दप्तरी, असे समजा. बाहेरचा माणूस दप्तराला थेट हात लावीत नाही.

हा दप्तरी काय करतो? पहिली गोष्ट, तो पूर्ण वही बदलत नाही, सांगितलेली ओळ तेवढी बदलतो. आमचा अपघात एवढ्यानेच टळला असता. १९७० साली आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात, ओळी आणि स्तंभ करून कशी ठेवावी, याचा गणिती पाया घातला. त्यापूर्वी माहिती कोठे आणि कोणत्या वाटेने सापडेल हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असावे लागे. कॉड यांच्या पद्धतीत काय हवे ते सांगायचे. वाट डेटाबेस शोधतो. १९८१ साली त्यांना ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. आज वापरात असलेले बहुतेक मोठे डेटाबेस याच पायावर उभे आहेत. २००९ नंतर गाजलेल्या मोंगोडीबीसारख्या डेटाबेसमध्ये तक्त्यांऐवजी पूर्ण कागदच्या कागद साठवतात. प्रत्येक नोंदीचा आकार वेगळा असेल तेथे ते सोयीचे आहे; गुणपत्रकाला तक्ताच बरा.

दुसरी गोष्ट अधिक सुंदर आहे. नोंद करता करता वीज गेली तर? ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांना रोजकीर्द आणि खातेवही ठाऊक असेल. व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत लिहायचा, मग सवडीने खतावणी करायची. खतावणी अर्धी राहिली तरी रोजकीर्द पाहून ती पुरी करता येते. अनेक डेटाबेस नेमके हेच करतात. बदल आधी रोजकीर्दीसारख्या एका फाइलमध्ये लिहून तो डिस्कवर खरोखर उतरल्याची खात्री करतात, आणि मगच ‘झाले’ म्हणून सांगतात.

या खात्रीला वेळ लागतो. जुन्या पद्धतीची फिरती डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एक नोंद पक्की करण्यास दोन फेरे लागले, तर एकामागून एक अशा सेकंदाला ६० नोंदीच पक्क्या होतील, मग संगणक कितीही चपळ असो! फिरता भाग नसलेल्या आजच्या एसएसडीवर हा वेळ बराच कमी होतो, पण शून्य होत नाही.

आता निवडीकडे येऊ. एसक्यूलाइट हा २००० साली आलेला डेटाबेस म्हणजे केवळ एक फाइल आणि ती हाताळणारा छोटा प्रोग्रॅम. तुमच्या घरातल्या ॲन्ड्रॉइड फोनमध्येही तो आहे. वाचणारे कितीही असोत, लिहिणारा मात्र एका वेळी एकच, दुसऱ्याने थांबायचे. पोस्टग्रेएसक्यूएल, ज्याला नुसते पोस्टग्रेस म्हणतात, त्याचे मूळ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात आहे. तो स्वतंत्रपणे चालू ठेवावा लागतो, त्याची निगा राखावी लागते. पण वेगवेगळ्या ओळींवर अनेकजण एकाच वेळी लिहू शकतात. १९९५ चा मायएसक्यूएल याच वर्गातला. तिन्ही विनामूल्य मिळतात.

आमच्याकडे गुण भरणारे बारा प्राध्यापक. एक नोंद काही मिलिसेकंदांची. दोघांची गाठ पडली तरी दुसऱ्याला थांबल्याचे कळणारही नाही. निकालाच्या दिवशी दोन हजार मुले एकदम पाहतील, पण ते वाचन आहे. म्हणून मी एसक्यूलाइटच्या बाजूने मत दिले. फाइल सर्व्हरच्याच डिस्कवर हवी. ती नेटवर्कवरून वाटून घेतली तर कुलूप नीट लागेलच याचा भरवसा नसतो. हेच प्रवेश-अर्जाचे काम असते, शेवटच्या तासात हजारो मुले अर्ज भरत असती, तर मी पोस्टग्रेसच म्हटले असते.

मोठा डेटाबेस घेतला की संकट टळले, असे मात्र समजू नका. ग्रंथालयात एका पुस्तकाच्या ५ प्रती आहेत. दोन खिडक्यांवरील दोन कारकुनांनी एकाच क्षणी ५ हा आकडा वाचला, प्रत्येकाने एक प्रत दिली आणि ‘४ लिहा’ अशी आज्ञा केली. गेल्या दोन प्रती, वहीत उरल्या ४! पोस्टग्रेसही आपणहून हे अडवत नाही. नेहमीच्या मांडणीत तो दोन्ही आज्ञा मुकाट पाळतो. उपाय साधा आहे. ‘४ लिहा’ असे न सांगता ‘असेल त्यातून एक वजा करा’ असे सांगायचे. मग दुसरी आज्ञा पहिली पुरी होईपर्यंत थांबते आणि उत्तर ३ येते.

सर्व्हरच्या प्रोग्रॅमविषयी थोडक्यात. १९९५ चा अपाची आणि २००४ चा एन्जिनएक्स, दोन्ही चांगले. हजारो जोडण्या एकदम सांभाळण्यात एन्जिनएक्स सरस आहे, पण बारा प्राध्यापकांना तो फरक जाणवणार नाही. सर्व्हर कोठे आहे, हे अधिक महत्त्वाचे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईहून अमेरिकेतील व्हर्जिनिया सरळ रेषेत मोजले तरी सुमारे १३ हजार किलोमीटर. जाऊन येण्यास १३० मिलिसेकंद. समजा सर्व्हर मुंबईत, डेटाबेस व्हर्जिनियात, आणि एका पानासाठी सर्व्हरला एकामागून एक २० प्रश्न विचारावे लागले. २० × १३० म्हणजे २.६ सेकंद केवळ प्रवासात गेले! दोन्ही शेजारी ठेवले तर तो लांबचा प्रवास फार तर तुमच्या मागणीपुरता एकदाच होईल. प्रकाशाचा वेग पैसे देऊन वाढवता येत नाही.

एक प्रयोग करून पाहा. संगणकावर एसक्यूलाइटचा प्रोग्रॅम घ्या, एक फाइल तयार करून तीत ‘पुस्तके’ नावाचा तक्ता करा आणि तीच फाइल दोन खिडक्यांत उघडा. पहिल्या खिडकीत ‘बिगिन इमिजिएट’ ही आज्ञा देऊन एक ओळ भरा, पण ‘कमिट’ म्हणू नका. आता दुसऱ्या खिडकीतून तक्ता वाचा. वाचता येईल, मात्र नवी ओळ दिसणार नाही. तेथूनच एक ओळ लिहायला जा, आणि फाइलला कुलूप असल्याचा निरोप येतो का ते पाहा. मग पहिल्या खिडकीत ‘कमिट’ म्हणून दुसरीत पुन्हा लिहा. शेवटी पहिल्या खिडकीत ‘कमिट’ न करताच ती बंद केली तर त्या ओळीचे काय होते, याचा अंदाज आधी वहीत लिहून ठेवा.