दिवा पुन्हा लागला!

मराठीत लिहायची सवय नाही (कॉन्व्हेंटची कृपा!), तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावाकडच्या एका गॅरेजमध्ये शिकायला जात होते. एक भाजीवाले काका बीएस-६ डिझेल पिकअप घेऊन आले. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. स्कॅनर लावला : पी ०४०१, ईजीआरचा प्रवाह अपुरा. ईजीआर म्हणजे एक्झॉस्टचा थोडा भाग थंड करून परत सिलिंडरमध्ये सोडायचा. त्याने ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड्स कमी होतात. मी ऐटीत सांगितलं, "व्हॉल्व्ह गेला." कोड पुसला, नवा व्हॉल्व्ह बसवला, दिवा गेला. मी खूश!

चौथ्या दिवशी काका परत. दिवाही परत.

एक तर कोड पुसताना मी फ्रीझ फ्रेमही पुसली होती. बिघाड नोंदला गेला त्या क्षणाचा आरपीएम, लोड, तापमान तिच्यात असतं. म्हणजे पंचनाम्याआधीच जागा धुऊन काढली! शिवाय दिवा गेला याला काही अर्थच नव्हता. एमिशनचे बरेच कोड चाचणी एकदा नापास झाली तर गुपचूप थांबतात, पुढच्या फेरीत परत नापास झाली की मग दिवा लावतात.

खरी चूक मात्र वेगळीच. कोड नापास चाचणीचं नाव सांगतो, खराब पार्टचं नाही. या गाडीत ईजीआरचा प्रवाह थेट मोजणारा सेन्सरच नव्हता. ईसीयू हिशोब करतो : व्हॉल्व्ह उघडला की जळका वायू जागा अडवणार, म्हणून एअर फिल्टरपुढचा मास एअर फ्लो सेन्सर ताजी हवा कमी दाखवणार. ती हवी तेवढी कमी झाली नाही की पी ०४०१.

मग सेन्सर खोटं बोलतोय का? मी वही काढली. अडीच लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन, ८०० आरपीएम : मिनिटाला १००० लिटर, म्हणजे सेकंदाला साधारण २० ग्रॅम हवा. ८५ टक्के भरतं धरलं तर १७. व्हॉल्व्ह बंद ठेवून आयडलला स्कॅनरवरही १७च्या आसपास! सेन्सर निर्दोष. पण गाडी लोडवर घेतली की आकडा फुगायचा.

मिस्त्री तंबाखू मळत म्हणाले, "ताई, हवा आत शिरतीय खरी, पण इंजिनापर्यंत पोचतीय का?"

इंटरकूलरच्या होजला खालून तेलकट ओल होती. साबणाचं पाणी मारून हवेचा दाब दिला, तर क्लिपजवळच्या चिरेतून फेस! मोजलेली हवा वाटेतच निसटत होती आणि ईसीयूला वाटत होतं की ईजीआर कमी पडतोय. चीर लहान, टर्बो थोडा जास्त फिरून दाब भरून काढायचा, म्हणून दाबाचा कोड आलाच नाही. आयडलला टर्बोचा दाबच नसतो, म्हणून तिथे आकडा बरोबर.

होज बदलला. स्कॅनरवर ती चाचणी पूर्ण होऊन पास दिसेपर्यंत मी काकांबरोबर बाजार समितीपर्यंत दोनदा जाऊन आले.

नव्या व्हॉल्व्हचे पैसे मात्र काकांना परत मिळाले नाहीत. एकदा बसवलेला इलेक्ट्रिक पार्ट दुकानदार घेत नाही. ते मला काही बोलले नाहीत, उलट जाताना मेथीची जुडी दिली. जुना, चांगला व्हॉल्व्ह माझ्या हॉस्टेलच्या टेबलावर आहे.