ताडोबाची सफारी एका दिवसात कशी आखावी?

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान असून त्याची घोषणा 1955 साली झाली. एका दिवसाच्या सहलीत प्रवेशद्वाराची निवड सर्वांत महत्त्वाची ठरते. चंद्रपूरहून येणाऱ्यांना मोहर्ली जवळ पडते, तर नागपूरहून येणाऱ्यांना कोलारा. आरक्षण दाराच्या नावानेच होते. चुकीचे दार निवडले तर पहाटेचे मोलाचे तास रस्त्यातच जातात. नागपूरहून पहाटे निघून सकाळची फेरी गाठणे दमवणारे असते, म्हणून आदल्या रात्री दाराजवळ मुक्काम करावा किंवा दुपारची फेरी घ्यावी.

आरक्षण वन विभागाच्या संकेतस्थळावर होते. दारावर मूळ ओळखपत्र दाखवावे लागते. मंगळवारी उद्यान बंद असते आणि पावसाळ्यात कोअर क्षेत्रही बंद राहते. उघड्या जिप्सीत चालक आणि स्थानिक मार्गदर्शक सोबत असतात.

एप्रिल-मे महिन्यांत पाणवठे आटतात, त्यामुळे उरलेल्या पाण्यावर वाघ दिसण्याची शक्यता वाढते. मात्र उन्हाचा तडाखा सोसावा लागतो. हिवाळ्यात पहाटे जाड स्वेटर हवाच. कपडे मातकट किंवा हिरवट असावेत.

खरा जाणकार मार्गदर्शक वाघामागे गाडी पळवायला लावत नाही. तो गाडी थांबवून कान देतो. चितळाची तीक्ष्ण शिटी, सांबराचा खणखणीत ‘ढाँक’, झाडावरच्या वानराचे खेकसणे यांवरून वाघ-बिबट्याच्या हालचालीचा अंदाज येतो. अशा वेळी गाडीतील सर्वांनी गप्प बसणे अत्यावश्यक असते. वाघ न दिसला तरी रानकुत्रे, गवे, अस्वल किंवा ताडोबा तलावातील मगर दिसू शकते.