उणीव ओळखून अन्न

व्यक्तिनिष्ठ आहार म्हणजे वय, कष्टाचे स्वरूप, आजार, रक्ततपासणीतील आकडे आणि घरात प्रत्यक्ष शिजणारे अन्न यांचा विचार करून एका माणसासाठी ठरवलेला आहार. परंतु या कल्पनेभोवती बाजार उभा राहिला आणि तिचा अर्थ महागड्या डब्यांपुरता आकसत गेला. तिचे खरे मोल समजून घ्यायचे असेल, तर अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातील शाळकरी मुलांवर झालेला आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहावा. त्यात 12 ते 16 वर्षे वयाच्या 246 मुलामुलींपैकी काहींना नेहमीच्या बाजरीची, तर काहींना किलोमागे सुमारे 86 मिलिग्रॅम लोह असलेल्या बाजरीची भाकरी देण्यात आली. लोहयुक्त बाजरीचा लाभ सर्वांना सारखा झाला नाही. ज्यांच्या शरीरात मुळातच लोह कमी होते त्यांना तो ठळकपणे झाला, आणि सहा महिन्यांत ही कमतरता भरून निघण्याची शक्यता नेहमीची बाजरी खाणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात 64 टक्क्यांनी अधिक आढळली. ज्यांच्याकडे पुरेसे लोह होते त्यांच्यात तितका फरक दिसला नाही, आणि व्यक्तिनिष्ठ आहाराचे सारे शास्त्र या फरकातच आहे.

या प्रयोगातील लोहयुक्त बाजरी ‘धनशक्ती’ या नावाने प्रसारित झाली. इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून हे वाण आले. ते संकरित नसून मुक्त परागीकरणाचे असल्यामुळे शेतकऱ्याला दर हंगामात नवे बियाणे विकत घेण्याची सक्ती राहत नाही, आणि जे औषध म्हणून वेगळे विकत घ्यावे लागते त्याचा काही भाग रोजच्या पिठातूनच मिळतो. कोरडवाहू जिल्ह्यातील कुटुंबासाठी ही बचत मोठी आहे.

याच्या अगदी उलट प्रकार प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबात घडला. सतत थकवा जाणवणाऱ्या एका स्त्रीला एका विक्रेत्याने वजनयंत्रावरचे आकडे आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीएवनसी तपासणीचा, किंचित वाढलेला अहवाल पाहून ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून आहारक्रम आखून दिला. त्यात भाकरी बंद झाली, तिच्या जागी भुकटी आली, आणि त्या भुकटीचा महिन्याचा खर्च घरच्या किराण्याच्याही पुढे गेला. थकवा मात्र वाढतच राहिला. पुढे डॉक्टरांनी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, तपासले तेव्हा दोन्ही कमी निघाले, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर मात्र व्यवस्थित होती. लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसीचा आकडा साखर न वाढताही वर सरकू शकतो, ही गोष्ट विक्रेत्याच्या हिशेबात नव्हती. लोहाच्या गोळ्यांनी थकवाही ओसरला आणि तो आकडाही खाली आला. एका साध्या तपासणीचा खर्च आधी केला असता, तर भुकटीवरचा सारा खर्च वाचला असता, आणि त्याहून मोलाचे म्हणजे त्या स्त्रीचे थकव्यात गेलेले दिवस वाचले असते.

म्हणून ज्यांना असा आहार ठरवून घ्यायचा आहे, त्यांनी आधी उणीव सिद्ध करून घ्यावी आणि मगच ताट बदलावे. आहार ठरवणारी व्यक्तीच वस्तू विकत असेल, तर तो सल्ला दुसऱ्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय मानू नये. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनातही प्रथिनांच्या भुकट्या टाळण्याचा सल्ला दिलेला आहे. इस्रायलमध्ये 800 माणसांवर झालेल्या 2015 च्या अभ्यासात एकच पदार्थ खाऊन प्रत्येकाच्या रक्तातील साखर वेगवेगळी वाढल्याचे दिसले, हे खरे. पण त्यावरून प्रत्येकाने महागडी तपासणी करावी असे निघत नाही, कारण मधुमेही माणसाला साध्या ग्लुकोमीटरवरही जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी स्वतःची भाकरी, स्वतःचा भात पारखता येतो.

लोह कमी असेल तर जेवणासोबतचा चहा दूर ठेवावा, कारण त्यातील टॅनिन लोहाला आतड्यात शोषू देत नाही, आणि भाकरीबरोबर लिंबू, आवळा किंवा पेरू घ्यावा, कारण त्यांतील क जीवनसत्त्व धान्यातील लोहाचे शोषण वाढवते. अहवाल वाचतानाही सावध राहावे: ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन फसवे वाढलेले दिसते, आणि थॅलॅसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक असणाऱ्यांत रक्तपेशी लहान असूनही लोह पुरेसे असू शकते, अशा वेळी गोळ्या निरुपयोगी ठरतात. पाळी थांबलेल्या स्त्रीत किंवा पुरुषात लोहाची कमतरता आढळली, तर जठरातून किंवा आतड्यातून नकळत रक्त जात नाही ना, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, केवळ आहार बदलून वाट पाहत बसू नये.