जिन्यातला बीम

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत घरं, शाळेच्या वर्गखोल्या, क्वचित एखादं मंगल कार्यालय, एमआयडीसीतली एखादी शेड अशी कामं करणारं आमचं ऑफिस. माणसं चार, त्यातली मी एक. बिम, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, हे प्रकरण आमच्याकडे आलं ते एका जिन्यावरून.

पोलादपूरच्या उतारावरचं दुमजली घर होतं. प्लॅन आमचा, आरसीसीचं ड्रॉइंग बाहेरून करून घेतलेलं. सेक्शन मी जिना टाळून दिवाणखान्यातून कापला होता, का तर तिथून तो देखणा दिसायचा. सेंट्रिंग खोललं त्या दिवशी मेस्त्रीकाका जिना चढता चढता थांबले. टेपचं टोक पायरीवर, पत्ती वरच्या बीमला. पाच फूट सात इंच. "ताई, मी जातो खालून," काका म्हणाले, "पण मालकाच्या पोराचं लगीन झालं तर नवरदेवाला फेटा काखेत घेऊन वर जावं लागंल." तो टप्पा तोडून पुन्हा ओतला. पैसे आमच्या फीमधून गेले. दोन्ही ड्रॉइंगं आपापल्या कागदावर बरोबर होती. त्यांची गाठ पडली ती थेट साइटवर.

बिममध्ये रेघा ओढायच्या नसतात, वस्तू मांडायच्या असतात. भिंत ही भिंत म्हणूनच घालायची, तिला जाडी, उंची आणि माल द्यायचा. प्लॅन, सेक्शन, दरवाजे-खिडक्यांची यादी हे सगळं त्या एकाच मॉडेलमधून निघतं. सेक्शन कुठूनही कापा, बीम लपत नाही. एवढं कळल्यावर सॉफ्टवेअर निवडायला आम्ही जवळजवळ दोन वर्षं घेतली. जास्तच घेतली. त्यातून हाती लागलं ते असं.

१. डेमोतली इमारत बघायची नाही. आपलीच फसलेली इमारत त्यात घालायची.

डेमोत नेहमी काचेचा टॉवर असतो. महाडात काचेचा टॉवर कोणी मागत नाही. आम्ही तीन सॉफ्टवेअरच्या चाचणी प्रती उतरवल्या आणि तिन्हींत तेच पोलादपूरचं घर पुन्हा बांधलं. परीक्षेला चार प्रश्न ठेवले: उतार, चिऱ्याची भिंत, स्लॅबवरची पत्र्याची शेड आणि तो जिना. कोकणातल्या पावसात नुसती गच्ची टिकत नाही, चार-सहा वर्षांत मालक वर पत्रा टाकतोच. मग तो पहिल्या दिवसापासून ड्रॉइंगमध्ये का नसावा? एका सॉफ्टवेअरमध्ये ट्रससकट शेड दुपारच्या जेवणाआधी झाली, दुसऱ्यात आमच्या ऑफिसातली मुलगी दोन दिवस झगडत होती. तयार मिळणाऱ्या भिंतींत चिरा कुठेच नव्हता. तो तिन्हीकडे स्वतःच बनवावा लागला, आणि आमच्या खाणीतून येतो त्या मापाचा. एका ठिकाणी पीडीएफ काढल्यावर 'देवघर'मधल्या जोडाक्षराचे तुकडे पडले. ते सॉफ्टवेअर तिथेच बाद. मेस्त्री मराठी वाचतात, आणि वाचायचं तर कागदावर नीट उमटायला हवं.

२. आपला आरसीसीवाला काय उघडतो, ते आधी विचारायचं.

रेव्हिट चांगलं की आर्चिकॅड, यावर आर्किटेक्ट लोक रात्ररात्र भांडू शकतात. आर्चिकॅड हंगेरीतल्या ग्राफिसॉफ्टचं, १९८० च्या दशकापासूनचं, आणि ते मॅकवरही चालतं. रेव्हिट ऑटोडेस्कने २००२ मध्ये विकत घेतलं, ते विंडोजवरच चालतं. लोखंडी सांगाडा आणि सळईच्या बारीक तपशिलासाठी टेक्लाचं नाव घेतात. गुणदोष सगळ्यांत आहेत. पण ज्याच्याबरोबर वर्षाला पंधरा कामं करायची, त्याच्याकडे आपली फाइल उघडत नसेल तर आपण पुन्हा दोन कागदांवर आलोच. मग जिनाही आला.

त्यातही आवृत्ती बघायची. नव्या रेव्हिटमध्ये जतन केलेली फाइल जुन्यात उघडत नाही, आणि मागे नेऊन जतनही करता येत नाही. आम्ही एका सोमवारी हौसेने नवी आवृत्ती चढवली आणि चालू कामाची फाइल तीत उघडून जतन केली. पुण्यातल्या कन्सल्टंटकडे आदल्या वर्षीची होती. शनिवारची प्रत सापडली म्हणून वाचलो, सोमवारचं काम मात्र नव्याने केलं. आता नियम आहे: काम ज्या आवृत्तीत सुरू झालं, त्याच आवृत्तीत संपवायचं.

स्वस्त आवृत्तीचाही मोह होतो. रेव्हिट एलटीमध्ये एका मॉडेलवर दोघांना एकाच वेळी काम करता येत नाही. एकट्याने काम करणाऱ्याला ती पुरते. आम्ही चौघं.

३. बाहेर पडायचं दार तपासायचं.

वर्गणी भरायची थांबवली तर आपल्याच इमारतींचं काय होणार, हा प्रश्न पैसे भरण्याआधी विचारायचा. आयएफसी हा या क्षेत्रातला खुला फाइल-प्रकार आहे, आयएसओ १६७३९ हे त्याचं मानक. मॉडेल आयएफसीत काढून फ्रीकॅडसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघायचं. भिंती भिंती राहिल्या की नुसते ठोकळे झाले? आमच्या घरातला जिना एका चाचणीत ठोकळा होऊन बाहेर आला.

४. सर्व्हेची फाइल जशीच्या तशी आत ओढायची नाही.

हे आमच्याकडच्या उतारांमुळे शिकले. सर्व्हेअर टोटल स्टेशनने माप घेतो आणि फाइल देतो यूटीएम आकड्यांत. महाडच्या आसपास पूर्वेकडचा आकडा तीन लाख मीटरच्या वर, उत्तरेकडचा वीस लाख मीटरच्या घरात. म्हणजे घर जिथे मांडायचं ती जागा सॉफ्टवेअरच्या शून्यापासून दोन हजार किलोमीटर लांब. रेव्हिटला मॉडेल शून्याच्या साधारण सोळा किलोमीटरच्या आत हवं असतं. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. सरळ भिंतीला दाते पडायला लागले, मापं शेवटच्या मिलिमीटरला डगमगायला लागली. दोन दिवस आम्ही कॉम्प्युटरला शिव्या घातल्या. मग रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर रंगाने फुली मारली, तिला आपला शून्य मानला आणि खरे आकडे वेगळे नोंदवून ठेवले. ही फुली मेस्त्रींनाही कळते, हा वरचा फायदा.

आणि सर्व्हे प्लॉटच्या हद्दीवर थांबवायचा नाही. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर डोंगर आला, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच दिवसांत पोलादपुरात केवनाळे आणि साखरसुतारवाडीतही दरडी कोसळल्या. त्यानंतर मालक घराचं तोंड कुठे, यापेक्षा घरामागे काय आहे हे आधी विचारतात. आमच्या मॉडेलमध्ये आता वरचा उतार, ओढा आणि पाण्याची वाट असतात. उतार धरून राहील की नाही ते मॉडेल सांगत नाही, त्याला भूगर्भवाला लागतो. पण तो येतो तेव्हा त्याच्यापुढे ठेवायला कोरा कागद तरी नसतो.

५. मॉडेल घनमीटर बोलतं, बाजार ब्रास.

खडी-रेतीवाला ब्रासमध्ये देतो, ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. चिरा नगावर, लोखंड किलोवर, टाइल चौरस फुटावर. यादीत सूत्राचा एक रकाना घालून ब्रास काढता येतो का, हे चाचणीतच बघून घ्यायचं. ज्यात आला नाही, तिथे आम्ही रोज कॅल्क्युलेटर घेऊन बसणार होतो. आणि मॉडेलचा आकडा निव्वळ असतो. पहिल्या कामात खिडक्यांची भोकं वजा करून चिऱ्यांचा अगदी नेमका नग काढला, आणि दीडशे चिरे कमी पडले. "ताई, तुमच्या कॉम्प्युटरात चिरा फुटत नाय काय?" काकांनी विचारलं. फुटत नाही. आता फुटीचा वेगळा रकाना आहे, आणि त्यातली टक्केवारी काका सांगतात.

६. परवानगीला अजून रेघाच लागतात.

मंजुरीसाठी थरांनुसार लावलेली कॅडची फाइल द्यावी लागते. मॉडेलमधून ती स्वच्छ निघते का, की पुन्हा अर्धा दिवस झाडलोट? बघून ठेवा. महाड शहरात काम असेल तर निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, मॉडेलमध्ये मजल्यांच्या पातळ्यांसारखीच घालून ठेवायची. सेक्शन कापला की जोत्याशेजारी ती रेघ आपोआप दिसते. मालकाला मग जोतं उंच का, हे समजावत बसावं लागत नाही.

७. क्लाउड आणि माळा, दोन्ही.

२०२१ च्या त्याच जुलैत सावित्री आणि गांधारीचं पाणी शहरात घुसलं. बाजारपेठेतले तळमजले बुडाले, त्यात आमचा सर्व्हर होता. पाणी ओसरल्यावर कॅबिनेट उघडलं तर आतून चिखल ओघळला. त्या आधी मला वाटायचं, सगळं क्लाउडवर असलेलं सॉफ्टवेअर घेतलं की सुटलो. पण त्या दिवसांत वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. क्लाउडवरचं असतं तरी हाताला लागलं नसतं. वर्गणीच्या सॉफ्टवेअरला ओळख पटवायला अधूनमधून नेट लागतं, हेही तेव्हा लक्षात आलं. आता एक प्रत क्लाउडवर, एक डिस्क माझ्या घरच्या माळ्यावर, आणि चालू कामाचे मुख्य प्लॅन कागदावर छापून प्लास्टिकच्या नळीत. नळीला ऑफिसात अजून हसतात.

८. शिकायचं पावसाळ्यात.

जून ते सप्टेंबर साइट बंद. जानेवारीत नवं सॉफ्टवेअर आणलं तर कोणी शिकत नाही, सगळे जुन्या कॅडवर पळतात.

९. मॉडेलला काँक्रीट दिसत नाही.

२४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी महाडच्या काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. सोळा जण गेले. त्यानंतर महिनाभर ज्या ज्या मालकाला मी मॉडेल दाखवलं, त्याने एकच विचारलं: मग आमचं पडणार नाही ना? मॉडेलमध्ये कॉलम राखाडी, गुळगुळीत, परिपूर्ण दिसतो. सिमेंट किती पडलं, पाणी किती ओतलं, सळईवर आवरण किती राहिलं, हे तिथे उभं राहून बघावं लागतं. सॉफ्टवेअरमुळे ऑफिसातला वेळ वाचला, तो आम्ही ओतकामाच्या दिवशी साइटवर घालवायचं ठरवलं. दर वेळी जमत नाही.

१०. शेवटचा वापरणारा फोनवर आहे.

आमचे बरेच मालक आखातात नाहीतर मुंबईत. कुवेतहून एक चाचा रात्री साडेअकराला फोनवर मॉडेल फिरवतात आणि "बेटा, अम्मीच्या खोलीतून नमाजची खोली दिसते का" असं विचारतात. त्यांच्या जुन्या फोनवर जे मॉडेल उघडतं, तेच आमच्यासाठी चांगलं. फुकटचा, हलका व्ह्यूअर असलेलं सॉफ्टवेअर आम्ही घेतलं, त्यामागे हे मोठं कारण.

मेस्त्रीकाकांना फोनवर मॉडेल द्यायला मी कचरत होते. गेल्या मे महिन्यात दिलं. त्यांनी फोन दुधाच्या पिशवीत घातला, सिमेंटच्या अंगठ्याने पिशवीवरूनच घर गरगर फिरवलं, उलटं केलं, खालून पायाही बघितला. मग शेडवर येऊन थांबले.

"ताई, ह्यात पाऊस कुठून येतो ते दिसतं काय?"

नव्हतं दिसत. उत्तर दिशा होती, सूर्याची सावली होती, पाऊस नव्हता. काकांनी समोरच्या डोंगराकडे हात केला, पाऊस इथे कसा तिरका मारतो ते दाखवलं आणि पिशवीवर बोट टेकवलं. मी त्याच ठिकाणी सेक्शन कापला. पत्र्याच्या पागोळ्या बरोबर बाहेरच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर पडत होत्या. पत्रा दोन फूट पुढे घेतला आणि खाली पन्हळ लावली. यादीतलं लोखंड एकोणतीस किलोंनी वाढलं.