थकलेल्या कर्जानंतर पत सावरताना

२०२० च्या सुरुवातीला साताऱ्यात आमचा केटरिंगचा धंदा जोरात होता. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, लग्नं रद्द झाली आणि घेतलेले अ‍ॅडव्हान्स परत द्यावे लागले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती. ती संपली तेव्हा हप्ता भरायला हातात काही उरलं नव्हतं. धंद्याचं कर्ज आणि ह्यांचं क्रेडिट कार्ड थकलं, पुढे तडजोडीत मिटलं. टेम्पोचं कर्ज तेवढं ओढत राहिलो.

कोर्टात जाऊन नादारी घेणारी माणसं आपल्याकडे विरळा. त्यासाठी मुंबईला १९०९ चा आणि बाकी महाराष्ट्राला १९२० चा कायदा आहे, पण बहुतेक घरांची दिवाळखोरी वसुलीच्या फोनांत आणि सेटलमेंटच्या पत्रांतच पार पडते. त्यातून बाहेर पडताना जे कळलं ते इथे लिहिते आहे.

१. आकडा बाजूला ठेवा, नोंदी वाचा.
सगळे "सिबिल किती?" एवढंच विचारतात. ३०० ते ९०० मधला तो आकडा खालच्या नोंदींवरून निघतो. नोंद चुकीची असेल तर आकड्याची काळजी करून काही हाती लागत नाही. पत अहवालात प्रत्येक कर्जाचे मागचे ३६ महिने दिसतात. महिन्याखाली ००० असेल तर उशीर नाही, ०६० असेल तर हप्ता साठ दिवस थकलेला. पेन्सिल घेऊन बसा आणि बँकेच्या खातेउताऱ्याशी एकेक महिना ताडून पाहा.

आणि अहवाल एकच काढू नका. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत. २०१७ पासून प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. आमचं मिटलेलं एक खातं एका अहवालात बंद होतं आणि दुसऱ्यात थकबाकीसह चालू! नवं कर्ज देणारा यातला कुठला अहवाल उघडेल हे आपल्या हातात नसतं.

२. 'रिटन ऑफ' म्हणजे कर्जमाफी नव्हे.
बँकेने तिच्या हिशेबातून रक्कम काढली, इतकाच त्याचा अर्थ. वसुलीचा हक्क तसाच राहतो आणि अहवालातल्या शेऱ्यांत हा फार जड शेरा असतो. फोन यायचे थांबले म्हणून निश्चिंत झालेली माणसं मी पाहिली आहेत. मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेल्यावर त्यांना हे कळतं, तेव्हा फार वाईट वाटतं.

३. सेटलमेंट करताना कागद आधी, पैसे नंतर.
तडजोडीचं पत्र संस्थेच्या लेटरहेडवर, खातेक्रमांकासह हातात आल्याशिवाय रुपया देऊ नका. पैसे भरायचे ते कर्जखात्यातच, वसुलीला आलेल्या माणसाच्या हातात कधीच नाही. नंतर 'नो ड्यूज' मागून घ्या आणि जपून ठेवा.

पण खरी मेख पुढेच आहे. कमी रक्कम भरून खातं मिटवलं की अहवालात 'क्लोज्ड' येत नाही, 'सेटल्ड' येतं. पुढच्या बँकेला त्यातून दिसतं ते एवढंच की आधीच्या बँकेला पूर्ण पैसे मिळाले नाहीत. शिवाय २०२३ च्या जूनपासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की तडजोड केलेल्या कर्जदाराला नवं कर्ज देण्याआधी, शेतीकर्ज सोडून, किमान १२ महिने जाऊ द्यावेत. तेव्हा जमत असेल तर हप्ते लांबवून पूर्ण फेडीची बोलणी आधी करा, सेटलमेंट सगळ्यांत शेवटी.

झालंच असेल तरी वाट बंद नसते. हातात पैसे आल्यावर आम्ही कार्डाच्या बँकेला लेखी विचारलं की तडजोडीत सोडलेली रक्कम भरली तर शेरा बदलाल का. त्यांनी होकार लेखी दिला, मग आम्ही भरले. त्या खात्यावर आज 'क्लोज्ड' आहे. मागच्या उशिराच्या खुणा मात्र राहतात. त्या पुसून देतो म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. माहिती किमान सात वर्षं जपून ठेवणं पतमाहिती कंपन्यांवर बंधनकारक आहे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेने दुजोरा दिल्याशिवाय त्या एक अक्षरही बदलत नाहीत.

४. खरी चूक असेल तर हक्काने भांडा.
पतमाहिती कंपनीकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते. ३० दिवसांत निवारण झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

५. नुसती वर्षं जाऊ देऊन पत परत येत नाही.
"आता कर्जाचं नावच नको" असं आमच्या घरातही झालं होतं. ती भावना मला पूर्ण समजते. पण जुन्या काळ्या नोंदींपुढे नव्या चांगल्या नोंदी आल्याच नाहीत तर आकडा वर चढणार कशावर? मी बँकेत छोटी मुदतठेव केली आणि तिच्यावर क्रेडिट कार्ड घेतलं. ठेव तारण असल्याने असं कार्ड पत घसरलेल्या माणसालाही मिळू शकतं. त्यावर फक्त गॅस आणि विजेचं बिल. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत खर्च आणि बिल पूर्ण भरायचं. 'मिनिमम ड्यू' च्या वाटेला जायचंच नाही. आकडा लगेच हलत नाही, मग हळूहळू चढू लागतो.

एक सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडे गावोगाव पतसंस्था आहेत. तिथलं कर्ज तुम्ही कितीही नेमाने फेडा, बहुतेक वेळा ते या अहवालात उमटतच नाही. भिशीचं तर नाहीच. हा त्या माणसांवर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. पण पत सावरायची असेल तर निदान एक छोटं कर्ज किंवा कार्ड बँकेचं हवं.

६. दहा ठिकाणी अर्ज करू नका.
प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते आणि अशा नोंदी साचल्या की आकड्याला फटका बसतो. आपण स्वतः अहवाल पाहिला तर काही बिघडत नाही.

७. जामीनदाराला आधी मोकळं करा.
टेम्पोच्या कर्जाला धाकटे दीर जामीन होते. आमचा हप्ता चुकला असता तर डाग त्यांच्याही अहवालावर पडला असता, आणि त्यांना घर बांधायचं होतं. म्हणून तंगीतही पहिला हप्ता टेम्पोचाच गेला. भरल्याची पावती मी दर महिन्याला त्यांना पाठवत असे. कर्ज फिटल्यावर त्यांचा अहवाल काढायला लावला, जामिनाची नोंद बंद दिसली, आणि त्यानंतरच त्यांनी गृहकर्जाचा अर्ज भरला.